पाठीवरचा चट्टा आणि कांताबाई

चट्टा पाठीवर होता, त्यामुळे तो मला आधी दिसलाच नाही. कांताबाईंना दिसला.

कांताबाई माझी थोरली जाऊ. आमची घरं वेगळी होऊन बरीच वर्षं झाली, पण अंगण अजून एकच आहे. गाव जानेफळच्या जवळचं. त्या दिवशी मी सोयाबीनवर तणनाशक फवारून घरी आले होते. पंपाचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून पाठ कमरेपर्यंत ओली झाली होती. मी कपडे बदलत होते, तेवढ्यात कांताबाई विरजण मागायला आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"वंदना, हे काय वं पाठीवर?"

"काय हाये?"

"तांबडा चट्टा हाये. खाली कमरेवर बी एक हाये. खाजते का?"

"खाजते कवा कवा. घामानं झालं असन."

"घामाचं असं नसते," त्या म्हणाल्या, आणि विरजण घेऊन गेल्या.

त्या चट्ट्याचं खरं नाव कळायला पुढे दोन पावसाळे गेले. आज माझा आजार आटोक्यात आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे. दहावीपर्यंत शिकले, पण परीक्षेनंतर एवढं लांबलचक कधी लिहिलं नव्हतं. ज्या बाईच्या पाठीवर आज पंप आहे, तिच्या हाती हे पडावं, एवढीच इच्छा आहे.

पंप

आमची निंदणाची बायांची टोळी होती. कांताबाई टोळीच्या म्होरक्या. कोणाच्या वावरात कधी जायचं, किती बाया लागतील, कोणाला घरी लहान लेकरू आहे म्हणून उशिरा यायची मुभा द्यायची, हे सगळं त्या ठरवत. पावसाळ्यात आम्हाला एक दिवस उसंत नसे. मग गावात तणनाशक आलं. ज्या वावरात आम्ही सगळ्या मिळून दिवसभर खुरपं चालवत होतो, ते एक माणूस पंप घेऊन सकाळच्या गारव्यात उरकू लागला. आमच्याकडे बोलावणी कमी येऊ लागली.

माझे यजमान साहेबराव फवारणीला जात. पुढे त्यांची कंबर धरली. वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि पंप कोपऱ्यात पडला. एक दिवस मी तो पाठीवर घेतला. बाई फवारायला निघाली म्हणून लोक आधी हसले. मग तेच बोलवायला लागले, कारण कपाशीच्या ओळीत मी तण जाळत असे आणि कपाशीच्या पानाला थेंबही लागू देत नसे. मला त्याचा अभिमान होता. माझं पाहून टोळीतल्या आणखी दोघी-तिघींनी पंप घेतला.

तोंडाला ओढणी बांधायची, हाताला जमलं तर प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, एवढीच आमची काळजी. औषध नाकातोंडात जाऊ नये हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाठ ओली राहिली तर काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. उन्हात ती ओल गार लागायची, बरंच वाटायचं.

मलम

पहिल्यांदा सगळ्यांनी नायटा म्हटलं. मेडिकलमधून मलम आणलं, चट्टा फिकट झाला. मलम संपलं की परत तांबडा व्हायचा आणि जाताना बाजूला एखादं पिल्लू ठेवून जायचा. कोणी सांगितलं उष्णता आहे, सब्जा खा. कोणी सांगितलं कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ कर. मी सगळं केलं. पाठीवरचं दुखणं डोळ्यांपुढे नसतं, त्यामुळे कामाच्या नादात ते विसरताही येतं. फक्त भाकरी करताना चुलीची धग लागली की खाज सुटायची आणि मी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राहायची.

कांताबाई मात्र विसरल्या नाहीत. दर थोड्या दिवसांनी त्या येत, पदर बाजूला करायला लावत आणि पाहून जात. मला त्याचा कंटाळा यायचा. एकदा मी चिडून म्हणाले, "बाई, माही पाठ म्हणजे काय तमाशा हाये का?"

"तमाशा असता तं मी इतक्या खेपा मारल्या नसत्या," त्या म्हणाल्या. "चट्टा जाड होऊन राह्यला. मले त्यातलं काही समजत नाई. पण ज्याले समजते त्याच्याकडं आपण अजून गेलोच नाई. सोमवारी अकोल्याले जाऊ."

"सोमवारी मले फवाऱ्याले जा लागते."

"तथी मी, तू येत नाई म्हून सांगून आलो," त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायाही 'आलो', 'गेलो' असंच बोलतात. सांगून आल्या होत्या, म्हणजे विषय संपला होता.

मॅडम

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात कातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी माझी पाठ खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिली, मग बाकीचं अंग. "मावशी, एक लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवते," म्हणाल्या. पहिल्या तुकड्यावरून नक्की काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी दुसऱ्या चट्ट्याचा तुकडा काढला. त्या म्हणाल्या, "मला घाईनं चुकीचं नाव द्यायचं नाही. थोडं थांबू या." तोवर प्रत्येकानं दोन मिनिटांत नाव दिलं होतं. थांबा म्हणणारी ही पहिलीच.

निकालाच्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघींना खुर्चीवर बसवलं आणि दार लोटून घेतलं. 

"मावशी, हा कर्करोग आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या मनात आत्ता जे चित्र आलं, तसा हा नाही. हा कातडीत राहणारा, हळू चालणारा प्रकार आहे. फार थोड्या लोकांना होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कातडीत येऊन बिघडतात. बहुतेक वेळा तो बराच काळ कातडीतच राहतो, आणि त्यावर उपचार आहेत."

मला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. पुढचं सगळं कांताबाईंनी नंतर सांगितलं. मी टेबलावरच्या काचेखालच्या एका फोटोकडे बघत होते. कोणाचं तरी लहान बाळ होतं. माझ्या मनात माझी लेक पूजा आली. तिच्या लग्नाचं बघणं सुरू होतं.

कांताबाईंनी एकच विचारलं, "लागट हाये का?"

"अजिबात नाही. एका ताटात जेवा, एका पांघरुणात झोपा."

"मंग बाकीचं निभावू," कांताबाई म्हणाल्या, आणि काय काय करायचं ते मॅडमकडून दोनदा वदवून घेतलं.

परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. कांताबाई खिडकीची जागा कोणाला देत नाहीत, हे सगळ्या टोळीला माहीत आहे. बाळापूर गेलं, तेव्हा मला रडू फुटलं. त्यांनी मला थांबवलं नाही. नुसतं म्हणाल्या, "रडून घे इथीच. गावात उतरल्यावर रडशीन तं लोकं पुसतीन काऊन रडून राह्यली." मग पदराची गाठ सोडून त्यांनी फुटाणे काढले आणि आम्ही दोघींनी ते खामगावपर्यंत खाल्ले. एवढं मोठं ऐकल्यावर माणसाला भूक लागते, याची मला लाज वाटली. त्यांना नाही वाटली.

उजेडाचं कपाट

उपचार म्हणजे उजेड. दवाखान्यात माणसाएवढं उंच एक कपाट होतं, आतून चहूबाजूंनी नळ्या लावलेल्या. आठवड्यातून तीनदा त्यात उघड्या अंगानं उभं राहायचं, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. सोबत चट्ट्यांवर लावायला मलम. दर वेळी गावाहून ये-जा जमण्यासारखी नव्हती. कांताबाईंच्या मावसबहिणीची अकोल्यात एक जास्तीची खोली होती, तिथे आम्ही दोघी आठवडाभर राहू लागलो. शनिवारी गावी यायचं, सोमवारी परत. कांताबाई आपलं घर, नवरा, दोन म्हशी आणि टोळी सोडून माझ्यासोबत येत होत्या. भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, एकदा कुरकुर केली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हशीले तुमचा लळा हाये. माह्यापेक्षा जास्त हाये."

पहिल्या दिवशी मी कपाटासमोर रडकुंडीला आले. जन्मात कधी मी उजेडात अशी उभी राहिले नव्हते. तिथल्या सिस्टर मोठ्या समजूतदार. "मावशी, इथं बायांच्या वेळेत पुरुष येत नाहीत," असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तरी माझा हात पदरावरून सुटेना. कांताबाईंनी आपली शाल काढली, दोन हातांत पसरून धरली आणि तोंड भिंतीकडे करून उभ्या राहिल्या.

"आता मले तू दिसत नाई अन् तुले मी दिसत नाई. जाय आत."

आत पंख्याचा घरघर आवाज आणि चहूकडून निळसर उजेड. दार बंद झालं की जीव घाबरा व्हायचा. बाहेरून कांताबाई बोलायला लागल्या. आमच्या गल्लीतल्या एका सासूनं सुनेच्या माहेराहून आलेला करंज्यांचा डबा कसा लपवला आणि सून तो कसा शोधत फिरली, याची हकिकत. मी आत उभी राहून ऐकत होते. सून धान्याच्या कोठीपर्यंत पोचली आणि उजेड बंद झाला. मी बाहेर आले तर सिस्टर विचारत होत्या, "मग सापडला का डबा?"

"आता बुधवारी," कांताबाई म्हणाल्या.

बुधवारी सिस्टरांनी आम्हाला लांबूनच हाक मारली. जसजसा उजेडाचा वेळ वाढत गेला तसतशी गोष्टही लांबत गेली. त्यात मामंजी आले, शेजारीण आली, डब्यातल्या करंज्या कोणीतरी खाऊन टाकल्या. बाळापूरच्या शमीमबी म्हणून एक बाई कोडाच्या उपचाराला येत. त्यांचा नंबर आमच्यानंतर असे. त्याही लवकर येऊन बाकावर बसू लागल्या. एकदा मला म्हणाल्या, "बहेन, तुमची जाऊ झूठ बोलते का सच, मले कळत नाई. पण दवाखान्यात यायचं मन होते."

मी कांताबाईंना विचारलं होतं, की ही सासू नेमकी कोणती. त्या म्हणाल्या, "कोणतीच नाई. पहिल्या दिवशी तू आत घाबरून राह्यली होती. मले जे सुचलं ते बोललो."

पाहुणे

साहेबराव वाईट माणूस नाहीत. पण आजाराचं नाव ऐकल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "कोणाले सांगू नोका." पूजाला बघायला पाहुणे यायचे होते. धाडकडचं चांगलं, शेतकरी घर होतं. मला महारोग झाला आहे अशी कुजबुज तोवर गावात सुरू झाली होती. माझ्या हातचं पाणी काहीजणी नको म्हणू लागल्या होत्या.

पाहुणे आले, पोहे झाले, पूजाशी बोलणं झालं. मुलाच्या आईनं मग सहज विचारलं, "पूजाच्या आई दर आठवड्याला अकोल्याला जातात म्हणे?"

साहेबराव म्हणाले, "शुगर हाये तिले."

कांताबाई चहाचे कप देत होत्या. त्यांनी कप खाली ठेवले. "शुगर नाई हो बाई," त्या म्हणाल्या. "तिले कातडीचा कॅन्सर हाये. लागट नाई. औषध चालू हाये, फरक बी पडून राह्यला. तुमाले पुढं दुसऱ्याकडून समजन, तं तुमी म्हणसान आमाले फसवलं. म्हून आताच सांगतो."

 पाहुण्यांनी चहा पूर्ण घेतला, नीट निरोप घेतला, आणि चार दिवसांनी नकार आला.

मला कांताबाईंचा फार राग आला. आजार माझा, लेक माझी, मग तोंड यांनी का उघडायचं? साहेबरावांनी तर त्यांच्याशी बोलणं सोडलं. सोमवारी मी एसटीत त्यांच्या शेजारी बसले, पण अकोल्यापर्यंत एक शब्द बोलले नाही. त्यांनीही माझी समजूत काढली नाही. खोलीवर पोचल्यावर नेहमीसारखा चहा ठेवला.

राग गेला तो पूजामुळे. शनिवारी घरी आले तेव्हा ती म्हणाली, "आई, मोठ्या आईनं बरं केलं. तथी जाऊन मले जन्मभर शुगर सांभाळा लागली असती." ते स्थळ गेलं ते गेलंच. पण त्यानंतर गावात महारोगाची कुजबुज थांबली. खरं नाव सगळ्यांसमोर बोललं गेलं होतं, कुजबुजायला काही उरलंच नव्हतं.

हात

घरी असताना पाठीला मलम लावायला कांताबाईच येत. माझा हात तिथवर पोचत नसे. एका रविवारी त्या मलम लावत होत्या आणि साहेबराव दारात येऊन उभे राहिले. इतके दिवस ते त्या वेळेला गोठ्यात जाऊन बसायचे.

"वयनी," ते म्हणाले, "कसं लावायचं मले दाखवा."

पाहुणे येऊन गेल्यानंतर ते त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होते. कांताबाईंनी मान वर केली नाही. "आधी हात धुवून या. साबणानं."

ते धुवून आले. कांताबाईंनी त्यांना दाखवलं, की मलम हरभऱ्याच्या दाण्याएवढंच घ्यायचं, फक्त चट्ट्यावर लावायचं, चांगल्या कातडीवर नाही, आणि घासायचं नाही. मग त्या उठून गेल्या. साहेबरावांनी माझी सगळी पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांची बोटं खरखरीत, नांगराच्या मुठीला सरावलेली. दुसऱ्या चट्ट्यावर मलम ठेवत म्हणाले, "आग होते का?"

"नाई."

"पंप मी आणला होता घरात," ते म्हणाले.

मी म्हणाले, "पाठीवर मी घेतला." त्यापलीकडे आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मलम मात्र पुढे तेच लावू लागले.

गाठ

चट्टे फिके पडत होते, आणि मग कमरेवरचा एक वर आला. कातडीखाली वाटाण्यासारखं लागायचं. मॅडमनी बोटानं दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा मिटला. आत कुठे पसरलंय का ते पाहण्यासाठी त्यांनी मोठी तपासणी करायला लावली. तिचा निकाल यायचा तो दिवस मी कधी विसरणार नाही. कर्करोग म्हणून कळलं तेव्हा मी बधिर झाले होते, या वेळी मी पूर्ण शुद्धीत होते आणि भीती जशीच्या तशी अंगावर येत होती. पूजाचं लग्न, साहेबरावांची कंबर, घरातल्या चाव्या कुठे आहेत हेसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही, असले विचार.

कांताबाईंनी मला "काही होणार नाई" असं म्हटलं नाही. इतर सगळे म्हणत होते. त्यांनी पिशवीतून फणी काढली, मला बाकावर आपल्याकडे पाठ करून बसवलं आणि माझे केस विंचरायला घेतले. गुंता सोडवला, घट्ट वेणी घातली. पसंत पडली नाही म्हणून सोडून परत घातली. त्या फणीच्या ओढीनं माझं मन जागेवर राहिलं. दवाखान्याच्या त्या गर्दीत माझी आई आल्यासारखं वाटलं.

मॅडम स्वतः बाहेर आल्या. "आत स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "कातडीतच आहे. गोळ्या सुरू करू, उजेड चालू ठेवू." कांताबाईंच्या हातातली फणी खाली पडली. त्यांनाही भीती होती, हे मला तेव्हा कळलं.

गोळ्यांनी ओठ फुटले, डोळे कोरडे झाले, तळहाताची साल निघाली. ते दिवस जड गेले. पण गाठ बसली. मागून चट्टेही हळूहळू गेले. आता पाठीवर फक्त सावळे डाग आहेत. मॅडम "बरा झाला" असं म्हणत नाहीत, "आटोक्यात आहे" म्हणतात, आणि ठरल्या वेळी बोलावून पाठ बघतात. मला तो शब्द पुरतो.

विचारलं ते

एक प्रश्न मी फार दिवस पोटात ठेवला होता. शेवटी विचारला. "मॅडम, हे फवाऱ्यानंच झालं का?"

त्यांनी हो म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. नाही म्हटलं असतं तरी बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्या बाबतीत मी ते ठामपणे सांगू शकत नाही. शेतातली औषधं वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांना अशा काही कर्करोगांचा धोका जास्त असतो का, यावर जगभर अभ्यास चालू आहेत. काहींत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. हा आजार मुळातच उन्हापासून झाकलेल्या जागी, पाठीवर, कमरेवर जास्त दिसतो. ज्यांनी कधी पंप पाहिला नाही त्यांनाही होतो." मग म्हणाल्या, "पण औषधानं ओली झालेली पाठ दिवसभर तशीच ठेवू नये, हे सांगायला मला कोणत्याही अभ्यासाची वाट बघायची गरज नाही."

"मला माहीत नाही" हे शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मोठं धाडस लागतं आणि बोलायलाही. मॅडमबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

ज्यांच्या अंगावर मलमानं जाणारा आणि परत परत येणारा चट्टा आहे, त्यांना मी एवढंच सांगते, की तो दर वेळी नायटाच नसतो आणि दर वेळी कर्करोगही नसतो. कातडीच्या डॉक्टरला दाखवा, आणि पाठ कोणाकडून तरी बघून घेत जा.

टोळी

मॅडमचं ते वाक्य कांताबाईंनी ऐकलं होतं. पेरणीच्या आधी त्यांनी टोळीतल्या सगळ्या बायांना आमच्या अंगणात बोलावलं. गळका पंप कोणी पाठीवर घ्यायचा नाही. पाठीला खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद शिवून बांधायचा. वारा सुटला की थांबायचं. घरी गेल्यावर आधी अंघोळ, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. पोटुशी आणि अंगावर पाजणारी बाई फवाऱ्याला जाणार नाही.

सुमन म्हणून आमच्यात एक आहे, पंप तिनं माझ्या पाठोपाठ घेतला होता. ती म्हणाली, "बाई, वारा सुटला म्हून मी थांबीन, तं मालक दुसरी बाई आणीन. तुमाले सांगणं सोपं हाये."

"सोपं नाई," कांताबाई म्हणाल्या. "आणीन दुसरी. मी तुले जबरदस्ती करून राह्यलो नाई. वंदनाची पाठ पाहून घे अन् मंग तू ठरव."

मी उठले आणि सगळ्यांसमोर पाठ दाखवली. ज्या बाईला कपाटात उभं राहायची लाज वाटत होती तीच मी. सुमननं डागांवरून हात फिरवला.  दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचा कागद मागायला आली.

नामदेवराव म्हणून मोठे शेतकरी आहेत, त्यांनी आमच्या अटी ऐकल्या आणि ट्रॅक्टरच्या फवाऱ्याला सांगून आले. आणखी दोन वावरं गेली. बाया घरी बसल्या आणि कांताबाईंना बोल लागले. त्यांनी ते ऐकून घेतले. मग झड लागली. रोज पाऊस, ट्रॅक्टर चिखलात शिरेना, फवारलेलं धुवून जाई. उघडीप झाली तेव्हा तण सोयाबीनच्या वर गेलं होतं. नामदेवरावांचा निरोप आला, खुरपी घेऊन या. हा आमचा विजय नव्हता, पावसाचा होता. पुढच्या वर्षी काय होईल ते पुढच्या वर्षी.

मीही निघाले. मॅडमनी अंग झाकून, उन्हं तापायच्या आत काम करायला हरकत नाही म्हटलं होतं. वावरात कांताबाईंनी प्रत्येकीला तिची पात वाटून दिली. पात म्हणजे प्रत्येकीनं निंदत शेवटपर्यंत न्यायच्या त्या पिकाच्या ओळी. मला त्यांनी बांधाकडे बोट दाखवलं. "तू बस सावलीत. चहा सांभाळ."

"मले पात पाहिजे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या शेजारची पात दिली.

हात सवय विसरले नव्हते, पण दम राहिला नव्हता. सुरुवातीला मी सगळ्यांच्या बरोबर होते. अर्ध्यावर बाया पुढे सरकल्या, त्यांचे आवाज लांब गेले. मी मान खाली घालून खुरपत होते. मागे पडण्याचं दुःख मला फार वाटलं असतं, पण मान वर केली तर कांताबाई माझ्या एक हात पुढे होत्या, तेवढ्याच. त्या आपल्या पातीतलं तण काढत होत्या आणि मधेच डावा हात लांबवून माझ्या पातीतलंही काढत होत्या, माझ्याकडे न बघता. वावराच्या टोकाला आम्ही दोघी एकदमच पोचलो.

"किती हळू चालत होता बाई तुमी आज," मी म्हणाले.

"वय झालं आता," त्या म्हणाल्या, आणि मातीचे हात झटकून पुढच्या पातीला लागल्या.